बोटाला लागलेली थरथर

प्रिय ठकू,

आपण रोज भेटतो, एका टेबलावर डबा खातो, आणि तरी मी तुला पत्र लिहितोय, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तू पाकीट बघूनच ओळखशील. बिनसलंय खरं. सोमवारची दुपार आहे. तुझी आई वाचनालयात गेली आहे आणि जेवणाच्या टेबलावरचा तिचा सगळा पसारा, दोन चष्मे, गोळ्यांचे डबे, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, बाजूला सारून मी बसलोय. तोंडाने सांगायला गेलो असतो तर दुसऱ्याच वाक्याला तू मला अडवलं असतंस, चहा टाकला असतास, विषय फिरवला असतास, आणि मीही तो फिरवू दिला असता. कागद मध्ये बोलत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. गुरुवारी मी नसणार. त्या शाळेतल्या बाईंच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया तू ठरल्याप्रमाणे कर, पण रुग्णाच्या डोक्याकडे, यंत्रावर, माझ्या जागी दुसऱ्या कोणालातरी बसव. तू त्यांना धीर देताना म्हणालीस की माझे वडील आतून नजर ठेवून असतील, काही काळजी करू नका. मी बाजूलाच उभा होतो आणि मान डोलावत होतो. त्या डोलावलेल्या मानेची मला आता लाज वाटते.

तू दुसरीत होतीस तेव्हा शाळेत वडिलांवर पाच ओळी लिहायच्या होत्या. तू लिहून आलीस, माझे बाबा लोकांना झोपवतात आणि त्याचे पैसे घेतात. तुझ्या बाई हसल्या, तुझी आई तर आठवडाभर हसत होती. मी मात्र चिडलो आणि तुला समोर बसवून माझं सगळं काम समजावलं. माणूस झोपला की बोटाएवढी जाड, लवचिक नळी त्याच्या घशातून अन्ननलिकेत सरकवायची. अन्ननलिका हृदयाच्या पाठीला अगदी टेकून जाते, त्यामुळे नळीच्या टोकाकडून आवाजाच्या लहरी सोडल्या की हृदय मागच्या बाजूने पडद्यावर दिसतं. पुढून छाती उघडलेली असो, सर्जनचे हात आत असोत, मागून आपलं चित्र चालू. मग तुझ्या खडूंच्या पेटीतून मी दोन खडू काढले. नळीकडे येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं. झडप गळत असली की जिथे काहीच यायला नको तिथे उलटं येणारं लाल उसळतं, त्यात पिवळं आणि हिरवं विस्कटलेलं. तू विचारलंस, रक्त खरंच निळं असतं का. मी म्हटलं, नाही गं, रंग यंत्र देतं. त्यावर तू फार निराश झालीस. मग यंत्र खोटं बोलतं म्हणालीस आणि खेळायला पळालीस.

पुढे तू डॉक्टर झालीस आणि माझ्या मनात होतं की माझ्यासारखीच डोक्याकडे बसशील. तू चाकू निवडलास. मी दोन महिने घुम्यासारखा वागलो, आठवतंय ना? तुझी आई म्हणाली, पोरगी पडद्याच्या पलीकडे गेली एवढंच, रुग्ण तर एकच आहे. तो हिरवा कापडी पडदा आपल्या दोघांमध्ये चार वर्षं आहे. अलीकडे मी, रुग्णाचं डोकं, माझ्या नळ्या आणि माझं यंत्र. पलीकडे तू, उघडी छाती आणि तुझा तो न संपणारा संयम, जो तू नक्कीच माझ्याकडून घेतलेला नाहीस. आपली कामाची पद्धत आपोआप पडली. झडप शिवून झाली, तोवर रक्त फिरवणाऱ्या बाहेरच्या पंपावरून हृदय हळूहळू पुन्हा स्वतःच्या पायावर उभं राहिलं की तू हात बाजूला घेतेस आणि मला विचारतेस. मी बघतो आणि एकतर छाती बंद कर म्हणतो, नाहीतर परत जा म्हणतो. परत जा म्हणजे हृदय पुन्हा थांबवायचं, पुन्हा पंप, पुन्हा टाके, आणि रुग्णाच्या जिवाला तेवढा जास्त धोका. चार वर्षांत मी सात वेळा परत जा म्हटलं. तू एकदाही हुज्जत घातली नाहीस. बाहेरच्या जगात तू माझं एक ऐकत नाहीस, साधा स्वेटर घालत नाहीस, पण तिथे माझा शब्द शेवटचा होता. मला त्याचा फार अभिमान होता. घरी कधी बोलून दाखवला नाही, आज लिहून दाखवतो.

आता डोळ्यांचं. गेल्या वर्षी माझ्या मानेत गाठ आली, क्षयाची निघाली, आणि नऊ महिने मुठीने गोळ्या खाल्ल्या. त्यातली एक गोळी डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकते हे मला ठाऊक होतं. दर महिन्याला रंग तपासून घ्या असं मी स्वतः किती जणांना दटावून सांगितलंय. मी मात्र एकदाही गेलो नाही. वेळ नव्हता असं म्हणेन, पण तू ते खरं मानणार नाहीस, आणि मानूही नकोस. मला जायचं नव्हतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तुझी आई माझे मोजे बघून हसायला लागली, एक हिरवा आणि एक तपकिरी. मी म्हटलं, कपाटात उजेड नाही. मग टोमॅटो पिकलेत की कच्चे हे मी दाबून बघायला लागलो. आणि पडद्यावरचा लाल हळूहळू काळ्यात बुडायला लागला. एका रात्रीत गेला असता तर मी घाबरलो असतो, बोंब मारली असती. तो थोडा थोडा गेला, आणि मी प्रत्येक वेळी तेवढ्याशी जुळवून घेतलं. करड्या चित्रात झडपेची पाती कशी मिटतात ते बघ, शिरांमधल्या प्रवाहाचा आलेख बघ, दाब बघ. बहुतेक वेळा त्यावरूनही बरोबर कळतं, म्हणून मला वाटलं की मी अजून बरोबर आहे. एवढंच करून थांबलो नाही. शिकणाऱ्यांना सांगत सुटलो की रंग ही नवशिक्यांची कुबडी आहे, खरा माणूस करड्यावर वाचतो. ते बिचारे वहीत उतरवून घेत होते.

दोन महिन्यांपूर्वी तू अचानक म्हणालीस की बाबा, रोज सकाळी मी तुम्हाला न्यायला येते, एकत्र जाऊ, तेवढ्याच गप्पा. मी सुखावलो. तुझ्या आईला म्हटलं, बघ, पोरीला आता बापाची किंमत कळायला लागली. तुझ्या घरापासून आमचं घर बरोबर उलट्या दिशेला आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात तुला बाजूला बसवून मी गाडी चालवत होतो आणि त्या मोठ्या चौकात तू एकदम माझा हात धरलास. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणालीस, काही नाही, मांजर होतं. मांजर कसलं, सिग्नल लाल असणार. त्याच सुमारास शस्त्रक्रियेच्या खोलीत तुझ्या समोरच्या भिंतीवरचा मोठा पडदा पुन्हा चालू झाला. वर्षभर बंद पडून होता, कोणी विचारत नव्हतं. तू म्हणालीस, शिकणाऱ्या मुलांना माझ्या यंत्रावरचं चित्र लांबून दिसायला हवं. मला तेही आवडलं. माझं चित्र भिंतीवर, केवढं मोठं! आता मागे वळून बघतो तेव्हा स्वतःच्या कौतुकात मी किती बुडालेलो होतो याचं हसू येतं.

मग आली ती तीन आठवड्यांपूर्वीची लिफ्टवाल्याची शस्त्रक्रिया. लिफ्ट दुरुस्त करणारा तो चव्वेचाळीस वर्षांचा गडी तुला आठवेलच. आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे विचारलं, गिळताना काही अडकतं का, घशातून नळी घालायची आहे. तो म्हणाला, डॉक्टर, माझ्यात आजवर फक्त बायकोची बोलणी अडकली आहेत. हसून मला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तू झडप शिवलीस, हृदय पंपावरून सुटलं, तू विचारलंस, मी पडदा बघितला. स्वच्छ दिसला. मी बंद कर म्हटलं. तू हात हलवले नाहीस. रक्तदाब थोडा वाढवून पुन्हा बघता का म्हणालीस. झोपेत दाब कमी असतो आणि गळती लहान दिसते, हे मीच तुला शिकवलेलं. मला राग आला, पण मी औषध दिलं, दाब चढवला, पुन्हा बघितलं आणि पुन्हा बंद कर म्हटलं. आणि तू, चार वर्षांत पहिल्यांदा, माझ्या शब्दावरून पुढे गेलीस. शांतपणे म्हणालीस की मी परत जातेय, हृदयावर ठेवलेल्या बोटाला गळतीची थरथर लागतेय. आत एक टाका उसवलेला निघाला. चाळीस मिनिटांत तू तो नीट केलास आणि आज तो गडी लोकांच्या लिफ्टमध्ये पुन्हा डोकं कधी घालू म्हणून विचारतोय. त्या संध्याकाळी मी अर्ध्या जेवणावरून उठलो. दुसऱ्या दिवशी मात्र राग उतरला आणि कौतुक सुरू झालं. भेटेल त्याला सांगत होतो की पोरीच्या बोटाला काय जाण आहे, यंत्राला जे दिसलं नाही ते तिच्या बोटाला लागलं. तू कानावर हात ठेवायचीस आणि निघून जायचीस. मला वाटायचं, लाजते.

गेल्या शुक्रवारी शिकणाऱ्यांच्या वर्गात मी तीच शस्त्रक्रिया दाखवायला घेतली. यंत्रात चित्रं साठवलेली असतातच. भिंतीवर लावली, पाठीमागे हात बांधले आणि व्याख्यान झोडायला लागलो, की बघा, इथे गळती अजिबात दिसत नाही, आणि तरीही सर्जनच्या बोटाने ती पकडली, तेव्हा यंत्राचा गर्व करू नका. वर्गात कोणी हसेना, कोणी लिहीना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी दुसऱ्या रांगेतली ती उंच मुलगी, जी नेहमी सगळ्यात आधी येते, तिने हात वर केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली की सर, लाल आहे. मी विचारलं, कुठे? ती उठून आली आणि बोट ठेवलं. पडद्याच्या पाव भागावरून तिचं बोट फिरत होतं, फिरतच होतं. मला तिथे काळं दिसत होतं. ठकू, मी साठ ओलांडलेला माणूस आहे, माणसं टेबलावर गेलेली पाहिली आहेत, पण पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या वर्गात कळलं. मी म्हटलं, शाब्बास, आज कोण लक्ष देतंय तेच बघत होतो. वर्ग सुटला. ती मुलगी मात्र मागे थांबली आणि तिने मला पाणी आणून दिलं, म्हणजे तिला ते पटलेलं नव्हतं.

तिथून मी थेट माझ्या डोळ्यांच्या डॉक्टर मित्राकडे गेलो. त्याने ठिपक्यांचं ते पुस्तक उघडलं, ज्यात ठिपक्यांमधून आकडे दिसायला हवेत. अठरा पानांपैकी मला एका पानावर आकडा दिसला. तो मित्र बडबड्या, एरवी माझी टिंगल केल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी त्याने नुसतं पुस्तक मिटलं. नस दुखावली आहे, थोडं परत येईल किंवा येणारही नाही, म्हणाला. संध्याकाळी मी कप्तानला गाठलं. बाकी सगळे गप्प राहतील, पण पंप चालवणारा माणूस वीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसतोय, तो माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. त्याने आधी वेड पांघरून बघितलं. मग रडला. म्हणाला, सर, तुमच्या मुलीने सांगून ठेवलं होतं. सर बंद कर म्हणाले की तुम्ही भिंतीकडे बघा आणि मला मानेने खूण करा, मी बाकीचं बघते. लिफ्टवाल्याच्या वेळी भिंतीवरचं लाल सगळ्या खोलीला दिसत होतं. कप्तानला, सिस्टरना, फरशी पुसायला थांबलेल्या मावशींनाही. मला सोडून सगळ्यांना. तुझ्या बोटाला कसलीही थरथर लागली नव्हती. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून तू ती तिथल्या तिथे रचलीस.

तुझ्यावर मी रागावलो आहे, ते आधी लिहितो. माझी अब्रू झाकायला तू अख्खी खोली कामाला लावलीस. ज्या माणसाला गुपचूप बाजूला घेऊन एक वाक्य बोलायचं, त्याच्याभोवती तू दोन महिने पडदे लावत बसलीस. मी दुसरा कोणी असतो तर तू त्याच दिवशी त्याला यंत्रावरून उठवलं असतंस, आणि बरोबर केलं असतंस. आणि दुसरंही लिहितो, कारण तेही तेवढंच खरं आहे. कप्तानने सांगितलं तेव्हा मी त्या अरुंद खोलीत, जिथे पंपाच्या नळ्यांची खोकी रचलेली असतात, एका खोक्यावर बसलो आणि मला एवढंच सुचलं की लहानपणी सायकल शिकवताना मी मागून सीट धरल्याचं सोंग करायचो आणि कधीच सोडून दिलेली असायची. तू उलटं केलंस. मला वाटत होतं मी एकटा चालवतोय, आणि तू सबंध वेळ धरून होतीस. एवढं प्रेम मला झेपत नाही गं. त्याने मला रडायला आलं आणि भीतीही वाटली.

भीती का ते आता ऐक. तू पुढचं सांभाळलंस, पण मागचं मोजलं नाहीस. रंग जायला लागल्यापासून तू भिंतीवरचा पडदा लावेपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत झडपेच्या एकोणीस शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांना माझ्या डोळ्यांशिवाय कोणाचेच डोळे नव्हते. शनिवारी आणि रविवारी मी त्या उंच मुलीला विनंती केली आणि आम्ही दोघांनी नोंदींच्या खोलीत बसून सगळी साठवलेली चित्रं पाहिली. पाहिली म्हणजे ती बघत होती आणि मी विचारत होतो. अठरा जणांचं ठीक आहे. त्यांची घरी जाण्यापूर्वी छातीवरून घेतलेली चित्रंही स्वच्छ आहेत. एकोणिसावी आपली शिंपीणबाई. पाच महिन्यांपूर्वी मी तिच्यासाठी बंद कर म्हणालो होतो, आणि चित्रात गळती आहे. थोडीथोडकी नाही. अंग जाड म्हणून छातीवरून घेतलेलं चित्र धूसर आलं, आणि ते घेणाऱ्या डॉक्टरने लिहून ठेवलं की आतून पाहिलेलं समाधानकारक आहे, म्हणजे माझाच शब्द त्याने प्रमाण मानला. ती दर महिन्याला येते, जिना चढताना दम लागतो सांगते, आणि आपण दोघं तिला वजन कमी करा म्हणून सांगतो. मागच्या वेळी ती म्हणाली, डॉक्टर, खाणं निम्म्यावर आणलंय, स्वतःचेच कपडे दोनदा आत घेतले, तरी दम जात नाही, माझंच काहीतरी चुकत असेल. तू म्हणालीस, चालणं वाढवा. मी म्हटलं, जिभेवर ताबा हवा. ती मान खाली घालून, ओशाळून हसली आणि पिशवी उचलून गेली. ठकू, तिचं काहीच चुकत नव्हतं. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ती उद्या अकरा वाजता येणार आहे. मी तिला सगळं सांगणार आहे, माझ्या तोंडाने, तिच्या मुलासमोर. नव्याने तपासणी लागेल, आणि बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया. तुझ्याकडून करून घ्यायची की दुसऱ्या कोणाकडून हे तिने ठरवायचं. तू माझ्या शेजारी उभी राहावीस असं मला वाटतं, पण ते मी मागणार नाही. मला जे मागायचं आहे ते वेगळं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. रुग्णाला आपल्या हातून इजा झाली की भरायचा जो फॉर्म असतो तो या पाकिटात आहे. काय झालं, कधी, कोणाला, कोणामुळे, सगळं मी भरलंय, खाली सही केली आहे. शेवटचा एक रकाना राहिलाय. या गोष्टीची आणखी कोणाला कल्पना होती का? सकाळपासून तीन फॉर्म फाडले. एकावर कोणालाही नव्हती असं लिहिलं, पण खाली त्याच हाताने सही करवेना. दुसऱ्यावर तुझं नाव लिहिलं आणि ते बघून मला बसवेना. तिसऱ्यावर कप्तान आणि बाकीच्यांची नावं आली, पण त्यांनी तुझं ऐकलं, खोलीची प्रमुख तू होतीस. प्रमुख म्हणून तुझी जागा नवी आहे, वरचे लोक तुझ्याकडे डोळे लावून बसलेत, आणि या एका ओळीने तुझ्या मागे काय काय लागेल ते मला चांगलं माहीत आहे. तरी ती ओळ खरी हवी, कारण शिंपीणबाईला दम लागत असताना आपण दोघं एकमेकांना जपत होतो. उद्या दहा वाजता मी हा फॉर्म घेऊन वर जाणार. त्याआधी तो मला परत दे. तुझ्या अक्षरात तुझं नाव असेल तर ती कबुली होईल, आणि कबुली देणाऱ्या माणसाला निदान स्वतःकडे बघता येतं. रकाना रिकामा आला तर तुझं नाव मी लिहीन. बापाला तेवढं करायला लावू नकोस.

काहीही झालं तरी तुझाच,
बाबा